ब्रँडेड कागदी पिशव्या: स्क्रीनवर भारी, हातात आल्या तर मातकट. काय चुकलं?

नवखी_किचनवाली

नमस्कार मंडळी, बरेच दिवस इथे नुसती वाचत होते, आज पहिल्यांदा लिहितेय, लांबलचक झालं तर सांभाळून घ्या.

माझं छोटंसं किचन आहे, फक्त पार्सल. आत्तापर्यंत साध्या ब्राउन पिशव्या आणायचे आणि वर गोल स्टिकर लावायचे, काम चालत होतं. मग डोक्यात आलं की आता जरा ब्रँड दिसला पाहिजे. लोगो होताच, त्याच्याभोवती स्वतःच बसून डिझाईन केलं. वर फिकट पिवळा, त्यावर पिस्ता कलरची पानं (ती एआयकडून काढून घेतली), मध्ये लोगो, खाली पांढऱ्या अक्षरात टॅगलाइन, बाजूच्या घडीवर क्यूआर कोड आणि मागे आमची चार ओळींची गोष्ट, पत्ता, फोन वगैरे. मोबाइलवर पिशवीचं मॉकअप (तयार पिशवी कशी दिसेल त्याचं चित्र) बघून घरातले सगळे एकदम खूश. छापून टाकल्या पाच हजार.

गठ्ठा उघडला आणि मी खालीच बसले. पिवळ्याची मोहरी झालीये, पिस्त्याचं शेवाळ झालंय, टॅगलाइन पांढरी नाहीच, ब्राउनच आलीये आणि तिच्यातले दोन अनुस्वार शाईने बुजलेत त्यामुळे वाचायला भलतंच काहीतरी होतं. पानांच्या कडा उंदराने कुरतडल्यासारख्या. हे झालं छपाईचं. वापरायला घेतल्या तर आणखी मजा, आम्ही पिशवीचं तोंड दोनदा दुमडून पिन मारतो, ती पिन बरोबर लोगोच्या डोक्यात बसते. तळलेलं काही असलं की दहा मिनिटांत तेलाचा डाग. एका कस्टमरने फोटो पाठवला त्यात अर्धा लोगो आणि पूर्ण डाग. क्यूआर तर निम्म्या लोकांचा स्कॅनच होत नाही.

छापणारा म्हणतो फाइल जशी दिली तशी छापली. आता मला कळत नाहीये की त्याची चूक का माझी, पुढच्या वेळी सुरुवात कुठून करायची, आणि या उरलेल्या साडेचार हजारांचं काय करू? शिवाय पुढच्या महिन्यात सुका माल पाउचमध्ये द्यायचा विचार आहे, त्यावर हेच डिझाईन टाकलं तर चालेल का?

---

छापखान्यातला

ताई, आधी पाणी प्या. दर महिन्याला अशी एक तरी पार्टी आमच्याकडे येते, तुम्ही पहिल्या नाही.

छापणारा खोटं बोलत नाहीये पण त्याने तोंड उघडायला हवं होतं हे नक्की. फाइल बघितल्याबरोबर कळतं हे ब्राउनवर काय होणार ते. असो.

मूळ गोष्ट अशी की छपाईची शाई पारदर्शक असते, भिंतीच्या रंगासारखी झाकत नाही. खालचा कागद तिच्यातून दिसतो. तुमच्या स्क्रीनवर मागून पांढरा उजेड येतो म्हणून पिवळा पिवळा दिसतो, इथे मागे ब्राउन आहे म्हणून पिवळा अधिक ब्राउन म्हणजे मोहरी. फिकट रंग जितका जास्त तितका तो मरतो. आणि पांढरा नावाची शाई चार कलरमध्ये (निळा, गुलाबी, पिवळा, काळा, यांच्यातूनच बाकी रंग होतात) नसतेच, फाइलमध्ये पांढरं म्हणजे मशीनच्या भाषेत "इथे काही छापू नको". म्हणून टॅगलाइन ब्राउन आली. पांढरा पाहिजे असेल तर पांढऱ्याची वेगळी प्लेट करावी लागते, आणि फ्लेक्सो नावाच्या छपाईत, जी पिशव्यांना वापरतात, एकदा छापून तोही दूधपाणीच दिसतो, झगझगीत पांढऱ्याची अपेक्षा ठेवू नका.

आता फ्लेक्सो म्हणजे काय ते दोन वाक्यात सांगतो कारण याच्याशिवाय पुढचं कळणार नाही. मऊ रबरासारखी प्लेट असते, दर कलरला एक, शिक्क्यासारखी ती फिरत्या कागदावर दाबत जाते. दाबल्यावर शाई थोडी पसरतेच, त्यात क्राफ्ट, म्हणजे तुमच्या पिशवीचा ब्राउन कागद, टिपकागदासारखा पिणारा. म्हणून बारीक रेघ जाड होते आणि गडद पट्ट्यातून कोरलेली बारीक अक्षरं बुजतात. इंग्रजीपेक्षा आपल्या लिपीला हा त्रास जास्त, अनुस्वार, रफार, ऋकार हे सगळे शिरोरेषेच्या वर-खाली लोंबणारे बारीक ठिपके, सगळ्यात आधी तेच जातात. कोरीव अक्षर पाहिजेच असेल तर जाड फॉन्ट घ्या आणि मोठं ठेवा, उगाच नाजूक वळणदार नको.

चार कलर एकमेकांवर बरोब्बर बसायला लागतात, अर्धा एमएम इकडे तिकडे झालं की कडा कुरतडल्यासारख्या, ते तुमच्या पानांचं झालंय. त्यात ते एआयचं चित्र. ते साधारण 1024 पिक्सेलचं येतं, 300 डीपीआयने (एका इंचात 300 ठिपके) हिशोब केला तर जेमतेम पावणेनऊ सेंटीमीटर रुंद छापता येतं. तुम्ही ते पिशवीभर ताणलं असणार.

माझं ऐकाल तर ब्राउनवर एक कलर, फार तर दोन. काळा, गडद हिरवा, गडद मरून असं काहीतरी. कलर पँटोनच्या (रंगांना नंबर दिलेलं कॅटलॉग) नंबरने सांगा, "आमच्या लोगोसारखा हिरवा" असं नाही, म्हणजे शाई आधीच मिसळून येते आणि चार प्लेटांची कटकट नाही. नंबर बघताना पण अनकोटेड कागदाचं कॅटलॉग बघा, चकचकीत कागदाचं नाही. आणि रंगीबेरंगीच पाहिजे असेल तर सरळ पांढरा क्राफ्ट घ्या, तोही मिळतो.

एक अजून. मराठी मजकूर असेल तर फाइल कर्व्ह करूनच, म्हणजे अक्षरांचे आकार करूनच पाठवायची. नाहीतर आमच्या कॉम्प्युटरवर फॉन्ट नसतो आणि पहिली वेलांटी अक्षराच्या पलीकडे उडी मारते, जोडाक्षरं सुटी होतात, आणि छापणाऱ्या पोराला ते वाचता येतंच असं नाही.

---

पिठाचे_हात

छापखान्यातले दादा बरोबर बोलले. पण खरी गंमत छपाईत नाहीये, पिशवीत आहे.

मीही खाण्याच्याच धंद्यात, बेकरीचा माल. पहिल्या वेळी मी पण स्क्रीनवरूनच सुरू केलं होतं. आता काय करते सांगते. आधी पार्सल भरते. जो डबा, जे खोकं, जेवढं जास्तीत जास्त एका ऑर्डरला जातं ते टेबलावर मांडते आणि त्याच्याभोवती साधा कागद गुंडाळून चिकटवून पिशवी बनवते. मग ती दुमडते, उचलते, दाराच्या कडीला लटकवते. मग मार्करने तिच्यावर रेघा मारते, इथे घडी येते, इथे पिन येते, इथे हाताचा अंगठा येतो, इथपर्यंत डबा फुगतो. हे झाल्यावर जी जागा उरते ना, तेवढीच डिझाईनची. ती जागा बघून रडू येतं, एवढीशी असते. चपट्या पिशवीचा मध्य आणि भरलेल्या पिशवीचा मध्य एक नसतो, वरचे सात-आठ सेंटीमीटर दुमडण्यात जातात आणि खालचा भाग तळाच्या घडीत, म्हणून लोगो चपट्या पिशवीत बघितला की खाली सरकल्यासारखा वाटला पाहिजे, भरल्यावर तो जागेवर येतो.

पिन बंद करा आधी. खाण्याच्या पिशवीला पिन नकोच, एखादी निघून आत पडली तर काय करणार? एक घडी आणि त्यावर स्टिकर, फाडल्याशिवाय उघडणार नाही असा. कस्टमरलाही कळतं की वाटेत कुणी उघडलं नाही.

तेलाचं म्हणाल तर बाहेरच्या पिशवीला तेल थांबवायला लावू नका, ते तिचं काम नाही. आत बटर पेपर किंवा आतली छोटी तेल न झिरपणारी पिशवी, आणि बाहेरची आपली साधी. पूर्ण पिशवीला आतून प्लास्टिकचा थर दिला की तेल थांबतं पण वाफही थांबते, मग तळलेलं घरी पोचेपर्यंत मऊ पडतं. साधा कागद श्वास घेतो. मी तर आतल्या पिशवीला वर दोन भोकं पाडून घेतलीयेत.

टेस्ट घरीच करा. गरम माल भरून पिशवी पांढऱ्या कागदावर तासभर ठेवा, खालच्या कागदावर काय उमटतं बघा. वजनाचं पण, नेहमीच्या दीडपट भरा आणि हँडल धरून चार-पाच हिसके द्या. माझं एकदा रस्त्यात हँडल निघालं होतं, कागद ठीक होता, हँडलच्या मागची पट्टीच नीट चिकटवलेली नव्हती.

---

कागदी_घोडा

कागदाचा जीएसएम (जाडीचा अंदाज देणारा वजनाचा आकडा) किती आहे ते तर कुणी विचारलंच नाही राव.

---

नवखी_किचनवाली

@कागदी_घोडा बिलावर 70 लिहिलंय, हँडल नाहीये. कमी आहे का?

@पिठाचे_हात ताई कडीला लटकवायची आयडिया जबरदस्त. काल रात्री नवऱ्याला पिशवी धरून उभं केलं आणि मार्करने रेघा मारल्या, खरंच समोरचा फक्त मधला तळहाताएवढा भाग दिसतो, माझी सगळी पानं घडीतच होती. चार ओळींची गोष्ट तर डब्याच्या कडेवर मोडते, ती कुणी वाचली असेल असं मला आता वाटत नाही.

पिना आजपासून बंद. पण क्यूआरचं अजून कळलं नाही, तो तर काळाच छापलाय मग स्कॅन का होत नाही?

---

कागदी_घोडा

हँडल नसलेल्या छोट्या पिशवीला 70 ठीक आहे. पातळ पदार्थांचे दोन-तीन डबे जाणार असतील तर हँडलवाली घ्या, 100 च्या आसपास. आणि नुसत्या जीएसएमवर जाऊ नका, तो फक्त एक चौरस मीटर कागदाचं वजन सांगतो, ताकद नाही. रिसायकल केलेला 100 चा कागद कधीकधी चांगल्या लांब धाग्याच्या 80 च्या कागदाआधी फाटतो. सॅम्पल ओलं करून फाडून बघायचं.

माप सांगताना रुंदी, बाजूची घडी, उंची या क्रमाने लिहून द्या आणि नावं पण लिहा. नुसते तीन आकडे पाठवले की प्रत्येक कारखाना आपापल्या क्रमाने वाचतो.

---

अर्धवट_डिझायनर

क्यूआरचं मी सांगतो, त्यात माझे हात भाजलेत.

तुमचा कोड बाजूच्या घडीवर आहे म्हणालात ना, म्हणजे त्याच्या मधोमध मोड जाते. कॅमेऱ्याला सपाट पृष्ठभाग लागतो. दुसरं, कोडच्या चारही बाजूंना मोकळी जागा लागते, त्या कोडमधल्या एका बारीक चौकोनाच्या चौपट. बहुतेक जण कोडला हौसेने चौकट करतात, आत पान घुसवतात, मग फोन गोंधळतो. तिसरं, गडद पट्ट्यावर फिकट कोड असा उलटा करू नका, काही फोन वाचतात काही नाही. तयार करताना दुरुस्तीची पातळी निवडता येते, सगळ्यात वरच्या पातळीला जवळपास 30 टक्के भाग खराब झाला तरी वाचला जातो, तेलाच्या डागासाठी हे बरं, पण चौकोन वाढून बारीक होतात म्हणून लिंक छोटी ठेवा. दोन सेंटीमीटरपेक्षा लहान नको, क्राफ्टवर तर तीन. आणि लिंक तुमच्या स्वतःच्या पानाची द्या, कुठल्या फुकट साइटने बनवून दिलेला कोड नको, ती साइट बंद झाली की पिशवी मुकी.

(जाता जाता: क्यूआर 1994 मध्ये जपानमध्ये गाड्यांच्या पार्टांचा माग ठेवायला काढला होता, आपण त्याला जेवणाच्या पिशवीवर आणून बसवला.)

आता मुद्द्याचं. तुमची पिशवी काय करते हे ठरवा. माझ्या मते तिचं काम एकच, दारात उभ्या माणसाला दोन हात लांबून कळलं पाहिजे की हे कुणाकडून आलंय. गोष्ट, टॅगलाइन, पानं हे सगळं मोबाइलवर वाचायचं सामान आहे. त्यामुळे एक ठळक लोगो किंवा नुसतं नाव, मोठं, एका कलरमध्ये. हवं तर एक खूण, ती बाजूच्या घडीवर परत. बस. रिकामी जागा दिसली की आपल्याला पैसे वाया गेल्यासारखं वाटतं, मला पण व्हायचं, क्लायंट तर म्हणतोच "इथे काहीतरी टाका की". नका टाकू.

आणि बदलू शकतं ते पिशवीवर छापायचंच नाही. पत्ता, फोन, वेळ, मेनू, ऑफर हे सगळं स्टिकरवर. मी एका किचनसाठी फोन नंबर छापून दिला होता, तीन महिन्यांत नंबर बदलला, मग मालकाचा मुलगा संध्याकाळी बसून काळ्या मार्करने एकेक नंबर खोडायचा. चार हजार पिशव्या. तो मुलगा मला अजून ओळख दाखवत नाही.

फायनलच्या आधी डिझाईन खऱ्या मापात घरच्या प्रिंटरवर तुकड्यातुकड्यांत छापा, रिकाम्या ब्राउन पिशवीवर चिकटवा आणि दाराशी ठेवून जिन्यातून बघा. मोबाइलवरचं मॉकअप कचऱ्यात. मॉकअपमधली पिशवी कधी भरलेली नसते, कधी चुरगळलेली नसते आणि तिच्यावर सकाळचं ऊन पडलेलं असतं.

---

छापखान्यातला

वरच्यात भर. प्रूफवर सही केल्याशिवाय प्लेट करू द्यायची नाही, आणि नुसती पीडीएफ बघून ओके म्हणू नका, त्याच कागदावर त्याच शाईने काढलेला एक नमुना मागा, त्याचे वेगळे पैसे लागले तरी द्या. चारही कडांना 3 एमएम ब्लीड, म्हणजे कापायच्या रेघेबाहेर जाणारं डिझाईन, ठेवा, कडेला चिकटून चौकट आखू नका, पिशवी मशीनवर कापताना दोन-तीन एमएम सरकतेच आणि चौकट असली की वाकडेपणा लगेच डोळ्यात भरतो. काळी अक्षरं फक्त काळ्या शाईत, चार कलर मिसळून काळा नको. प्लेटा कुणाच्या हे बिलावर लिहून घ्या, उद्या दुसरीकडे गेलात तर भांडण नको.

शाई खाण्याला लागणाऱ्या बाजूला कधीच नाही. आतून छपाईची फॅशन आलीये, दिसते छान, पण माझ्या हातून नाही होणार. बाहेरची शाईसुद्धा पूर्ण वाळायच्या आत रोल घट्ट गुंडाळला तर मागच्या बाजूला, म्हणजे पिशवीच्या आत, उतरते. नव्या पिशवीत पांढरा टिश्यू घासून बघा. वासाचं पण बघा, पिशवीचा तुकडा काचेच्या बरणीत झाकण लावून एक दिवस उबेला ठेवा, उघडल्यावर नाकाला झोंबलं तर माल परत.

---

थरावर_थर

पाउचचं कुणीच बोललं नाही, माझं काम तेच आहे म्हणून लिहितो.

पिशवीचं डिझाईन पाउचवर? नाही. पिशवी अर्धा तास जगते, पाउच महिनोन्महिने. पाउच म्हणजे आधी थर ठरवायचे. साधारणपणे बाहेर पॉलिएस्टरची फिल्म, तिच्या आतल्या बाजूने उलटी छपाई, म्हणजे शाई दोन थरांच्या मध्ये कोंडली जाते, मग मध्ये मेटलाइज्ड (धातूचा पातळ थर दिलेली) फिल्म किंवा फॉइल, आणि आत पॉलिथिन ज्याने सील होतं. तुमच्या मालाला कशाचं भय आहे ते बघा. कुरकुरीत असेल तर ओलावा, तेलकट असेल तर हवा आणि उजेड, त्यानेच खवट होतं. म्हणून तेलकट मालाला ती पारदर्शक खिडकी टाळा, सगळ्यांना हौस असते माल दिसला पाहिजे म्हणून. आणि नुसत्या क्राफ्ट कागदाचा पाउच सुक्या मालाला कामाचा नाही, बाहेरून क्राफ्ट दिसला तरी आत थर लागतातच.

डिझाईनमध्ये सीलच्या पट्टीत काही महत्त्वाचं नको, चारी बाजूंनी सेंटीमीटरभर सोडा. झिप कुठे येते, फाडायची खाच कुठे येते ते आधी मागून घ्या, नाहीतर फाडल्याबरोबर तुमचं नाव कचऱ्यात. स्टँडी पाउचचा खालचा भाग भरल्यावर गोल होतो, तिथे वजन, घटक असलं बारीक लिहिलं की वाचता येत नाही. बॅच आणि तारखेसाठी एक कोरा चौकोन सोडा आणि शिक्क्याची शाई त्यावर पुसली जात नाही ना ते तेलकट बोटाने घासून बघा. घटक, ॲलर्जी, वजन, तारीख कुठे किती मोठं लिहायचं याचे तुमच्याकडचे जे नियम असतील त्यांची जागा आधी आखा, उरलेल्यात कला.

बारकोड लागणार असेल तर ईएएन-13 चं (दुकानातल्या मालावरचा 13 आकडी बारकोड) पूर्ण माप 37.29 बाय 25.93 एमएम, 80 टक्क्यांपेक्षा लहान करायचा नाही. आणि लाल बारकोड कधीही नाही. बहुतेक स्कॅनरचा उजेड लाल असतो, त्याला लाल रेघा पांढऱ्याच दिसतात. चालू ब्रँडची लाल थीम होती म्हणून एकाने हट्टाने केला होता, सगळा लॉट स्टिकर लावून विकावा लागला.

थोडे पाउच हवे असतील तर डिजिटल छपाई किंवा कोरे पाउच घेऊन वर चांगलं लेबल. छपाईचे सिलेंडर कोरून घ्यायच्या फंदात माल चालायला लागल्यावर पडा.

---

उगाच_शंका

त्या त्रिकोणी बाणाची खूण आणि "पर्यावरणपूरक" पण छापा, लोकांना आवडतं 🙂

---

थरावर_थर

नका छापू. त्रिकोणातला आकडा फक्त कुठलं प्लास्टिक ते सांगतो, 5 म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, तुमच्या भागात ते रिसायकल होतं असा त्याचा अर्थ नाही. कागदाला आतून प्लास्टिक लावलं की साध्या रद्दीत पण ते नीट जात नाही. मक्यापासून बनवलेल्या पीएलए प्लास्टिकचं अस्तर म्हणाल तर ते साधारण 55-60 डिग्रीला मऊ पडतं, उकळतं काही ओतलं की गेलं, आणि त्याचं खत व्हायला पण कारखान्यातली तेवढी उष्णता लागते, कुंडीत होत नाही. जे आहे तेवढंच लिहा, "कागदी पिशवी, कोरडी असेल तर रद्दीत द्या".

---

कागदी_घोडा

विषयाला सोडून एक. सपाट तळाची पिशवी बनवणारं मशीन मार्गारेट नाइट नावाच्या बाईने काढलं, एका माणसाने तिची कल्पना ढापून स्वतःच्या नावावर करायला घेतली, ती कोर्टात गेली, आपली ड्रॉइंगं दाखवून जिंकली आणि 1871 मध्ये पेटंट तिलाच मिळालं. त्यामुळे ताई, डिझाईनच्या मूळ फाइली आणि कच्ची चित्रं तारखेसकट जपून ठेवा. 😄

---

नवखी_किचनवाली

सगळ्यांचे आभार, खरंच. आज दुपारी हे सगळं परत वाचत एक पिशवी समोर घेऊन बसले.

उरलेल्या साडेचार हजारांचं असं ठरवलंय. आत बटर पेपर, वर एकच घडी, आणि त्यावर मोठा पांढरा गोल स्टिकर जो सील पण होईल आणि ती बुजलेली टॅगलाइन पण झाकेल (मापून बघितलं, घडी खाली आणली की झाकते). नवा क्यूआर त्याच स्टिकरवर, सपाट भागावर. घडीवरच्या जुन्या क्यूआरचं काही करता येत नाही, राहू दे.

पुढची पिशवी 100 ची, हँडलवाली, एका कलरमध्ये. गडद हिरव्यात नुसतं नाव छापून बघितलं घरच्या प्रिंटरवर, जिन्यातून नवऱ्याने वाचलं, सासूबाईंनी चष्म्याशिवाय वाचलं. पानं काढली. एक पान ठेवलंय बाजूच्या घडीवर, तेवढं राहू दे ना?

---

अर्धवट_डिझायनर

एक चालेल. पण वेक्टरमध्ये (कितीही मोठं केलं तरी न फाटणारी रेघांची फाइल) परत काढून घ्या, ते एआयचं नको.